मास्क तुमच्या नाकावर, रंग घरभर

एका वाचकाचं पत्र, थोडक्यात:

"प्लॅस्टिकची मॉडेल्स जोडून रंगवायचा मला नाद आहे. विमानं, रणगाडे, कधी एखादं जहाज. वर्षभरापूर्वी एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं साधन, आणि त्याला हवा पुरवणारा छोटा कॉम्प्रेसर घेतला. टेबल बेडरूमच्या खिडकीपाशी आहे. खिडकी उघडी ठेवतो, डोक्यावरचा पंखा लावतो, तोंडावर एन-९५ मास्क असतो. रंग जवळजवळ सगळे पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक, बाटलीवर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं. फक्त शेवटचा क्लिअर कोट, म्हणजे वरचा पारदर्शक थर, लॅकरचा, आणि एअरब्रश धुवायला लॅकर थिनर. आमचं बाळ दहा महिन्यांचं आहे, नुकतं रांगायला लागलंय. बायको म्हणते, हे बंद कर, नाहीतर घराबाहेर कुठेतरी जाऊन कर. मला वाटायचं ती उगाच घाबरते. पण परवा रात्री नाक शिंकरलं तर रुमालावर निळा डाग. मॉडेल्स करणारा एक जुना मित्र म्हणतो, 'मी वीस वर्षं मास्कशिवाय मारतोय, मला काही झालं नाही.' मला छंद सोडायचा नाही. कोणता मास्क घेतला म्हणजे बायकोची हरकत संपेल? आणि माझी थोडी दाढी आहे, त्याने फरक पडतो का?"

रुमालावरच्या निळ्या डागापासूनच सुरुवात करू, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात विश्वासू साक्षीदार तोच आहे.

एन-९५ मास्क चेहऱ्याला नीट चिकटून बसला असेल, तर तो रंगाचे थेंब बऱ्यापैकी अडवतो. नावातला ९५ म्हणजे ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे, अडवायला सगळ्यात अवघड असलेले कणही तो किमान ९५ टक्के अडवतो. मग निळा रंग नाकात पोचला कसा? दोनच वाटा संभवतात. एक तर हवा मास्कमधून न येता कडेने, दाढीच्या केसांमधून आत आली. नाहीतर काम संपल्यावर तुम्ही मास्क काढला आणि मग त्याच टेबलाशी बसून एअरब्रश धुतला. माझा अंदाज, दोन्ही झालं असेल. आणि जे रुमालावर आलं ते निदान नाकात अडकलं तरी. नाकात अडकतात ते मोठे कण. साधारण दहा मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकाची चौकी ओलांडून खाली उतरू शकतात, आणि त्यातले सगळ्यात बारीक फुप्फुसाच्या टोकापर्यंत जातात. ते रुमालावर कधीच दिसत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही विचारलंय, कोणता मास्क घेतला म्हणजे बायकोची हरकत संपेल. हे वाचून मी जरा थांबले. जगातला सगळ्यात उत्तम मास्क तुम्ही उद्या आणलात, तरी तो तुमच्याच तोंडावर असणार. बायको आणि बाळ त्याच खोलीत झोपणार, मास्कशिवाय. उलट चांगला मास्क लावल्यावर तुम्हाला वास यायचा बंद होईल, तुम्ही निर्धास्तपणे दोन तास जास्त फवाराल आणि खोलीत आजच्यापेक्षा जास्त रंग उडेल. तुमच्या बायकोने मास्कबद्दल एक शब्दही काढलेला नाही. ती म्हणते, बाहेर जाऊन कर. तिला बाहेर हवा आहे तो रंग. तुम्हाला वाटतंय, ती तुम्हालाच बाहेर काढतेय. रंग बाहेर गेला आणि तुम्ही घरातच राहिलात, तर दोघांचंही भागेल, आणि हे अशक्य मुळीच नाही.

पण आधी त्या 'नॉन-टॉक्सिक' शब्दाचं बघू, कारण निम्मे लोक तिथेच फसतात. बाटलीवरचा तो शब्द खोटा नसतो. तो रंग ब्रशने लावताना, हाताला लागल्यावर, चुकून थोडा तोंडात गेल्यावर काय होईल याचा विचार करून लिहिलेला असतो. तोच रंग धुक्यासारखा करून श्वासात घेतला तर काय, हा वेगळा प्रश्न आहे. पाण्यातल्या रंगात पाणी असतं हे खरं, पण पाणी उडून गेल्यावर जे उरतं ते रंगद्रव्याची भुकटी आणि ॲक्रिलिक प्लॅस्टिकचा चिकट अंश. त्याशिवाय रंग बुरसू नये म्हणून घातलेली रसायनं, वाळणं लांबवणारे ग्लायकॉलसारखे पदार्थ, काही रंगांत थोडा अमोनिया. कॅडमियम असलेल्या लाल-पिवळ्या रंगांच्या ट्यूबवर काही कंपन्या स्पष्ट लिहितात की हा रंग फवारू नका. कॅडमियमची संयुगं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात टाकलेली आहेत. ब्रशने चित्र काढणाऱ्याने तोच रंग वापरला तर फारसं बिघडत नाही. धोका ठरतो तो रंग शरीरात कुठल्या दाराने शिरतो त्यावर.

म्हणून बाटलीपेक्षा सेफ्टी डेटा शीट वाचायची सवय लावा. कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते. सोळा भाग असतात, सगळे वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोके काय, तिसऱ्यात आत काय आहे, आणि आठव्यात श्वासासाठी कोणतं संरक्षण हवं ते लिहिलेलं असतं. आठवा भाग वाचून माझ्या कपाटातल्या दोन बाटल्या मी पुन्हा फक्त ब्रशने वापरायला लागले.

खिडकी उघडी आणि पंखा चालू, हे ऐकायला मोकळंढाकळं वाटतं. प्रत्यक्षात डोक्यावरचा पंखा रंगाचं धुकं खोलीभर नेमकं समान वाटून देतो. बाळाच्या पाळण्यावर, कपाटाच्या माथ्यावर, पडद्याच्या चुण्यांत. आणि ते लवकर खाली बसत नाही. स्थिर हवेत दहा मायक्रॉनचा कण तुमच्या नाकाच्या उंचीवरून जमिनीवर यायला आठेक मिनिटं घेतो. एक मायक्रॉनचा कण त्याच उंचीवरून उतरायला जवळजवळ बारा तास घेतो, आणि पंखा चालू असेल तर उतरतच नाही. तुम्ही रात्री नऊला कॉम्प्रेसर बंद केला, दहाला दिवा मालवला, तरी सगळ्यात बारीक कण पहाटेपर्यंत तुमच्यासोबत त्या खोलीत असतात.

विश्वास बसत नसेल तर एक सोपा प्रयोग करा. खोलीत अंधार करा, एक चांगला टॉर्च आडवा ठेवा आणि नुसतं पाणी भरून एअरब्रश मारा. उजेडाच्या झोतात काय काय दिसतं ते बघा, आणि मग हात थांबवून ते किती वेळ दिसत राहतं ते घड्याळ लावून मोजा. मी हे पहिल्यांदा केलं तेव्हा धुकं मॉडेलवर आपटून सरळ माझ्या चेहऱ्याकडे वळताना दिसलं होतं. आपण रंग पुढे फेकतो, म्हणून तो पुढेच जातो असं वाटतं. तो आदळून माघारी येतो.

आता लॅकर. इथे मात्र मी जरा कडक बोलणार. तुमचा एन-९५ लॅकरच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी आहे. तो कण अडवतो, वाफ अडवत नाही. लॅकर आणि थिनर यांच्यातून निघते ती टोल्यूईन, झायलीन, ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट अशा द्रावकांची वाफ. ती वायूसारखी त्या कापडातून आरपार जाते. मास्कमधून थिनरचा वास येत असूनही 'मास्क लावलाय ना' म्हणून काम करत राहणारे लोक मी पाहिलेत. वाफेसाठी सक्रिय कोळसा भरलेलं कार्ट्रिज लागतं, त्याला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज म्हणतात. फवारणीत कण आणि वाफ दोन्ही असतात, म्हणून दोन्ही अडवणारं जोड-कार्ट्रिज घ्यायचं. अमेरिकी पद्धतीत सेंद्रिय वाफेला काळा पट्टा आणि पी-१०० कणफिल्टरला किरमिजी पट्टा. युरोपी पद्धतीत वाफेला तपकिरी, कणांना पांढरा, आणि अक्षरं ए२पी३ अशी. रबराचा किंवा सिलिकॉनचा अर्धा चेहरा झाकणारा मास्क, दोन बाजूंना दोन कार्ट्रिजेस. तुम्ही विचारलेल्या मास्कचं उत्तर एवढंच आहे. सांगायचं आहे ते त्याच्या आजूबाजूचं.

दाढीने फरक पडतो का? पडतो, आणि थोडाथोडका नाही. मास्कची कड कातडीला टेकायला हवी. तिथे दोन दिवसांचे खुंट असले तरी हवा फिल्टरमधून जायचे कष्ट घेत नाही, केसांमधून सोपी वाट काढते. मिशी मास्कच्या आत राहत असेल तर चालते, हनुवटीखालची आणि गालावरची दाढी चालत नाही. दाढी प्रिय असेल तर दुसरा मार्ग म्हणजे डोक्यावरून घ्यायचं सैल टोपडं असलेला, छोट्या मोटरने गाळलेली हवा आत सोडणारा रेस्पिरेटर. तो महाग असतो, कमरेला बॅटरी लटकते, कानाशी सतत घूं घूं चालू. एका छंदासाठी मी तरी दाढीच काढेन. म्हणजे, असती तर.

प्रत्येक वेळी मास्क लावल्यावर दोन्ही तळव्यांनी कार्ट्रिजेस झाका आणि हळूच श्वास ओढा. मास्क चेहऱ्यावर किंचित आत खेचला जायला हवा आणि तसाच दहाएक सेकंद राहायला हवा. मग समोरची उच्छ्वासाची झडप तळव्याने बंद करून हलकेच फुंका, मास्क जरा फुगायला हवा, कडेने फुस्स होता कामा नये. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. चष्मा लावत असाल तर तो मास्क बसवल्यानंतर लावा, काडी मास्कच्या कडेखाली जाऊ देऊ नका.

कार्ट्रिजबद्दल माझी स्वतःची फजिती सांगते. पहिला मास्क घेतल्यावर मी तो टेबलाशेजारच्या खिळ्याला मोठ्या ऐटीत अडकवून ठेवत असे. आठवड्यातून एखाद-दोन तास वापर. चार-पाच महिने गेले. माझा हिशेब असा की वापर मोजून चाळीस तासांचासुद्धा नाही, म्हणजे कार्ट्रिज नवंच. एक दिवस क्लिअर कोट मारताना मास्कच्या आत थिनरचा वास आला. कोळसा मी नसतानाही खिळ्यावर बसून खोलीतली वाफ शोषत होता, दिवसरात्र. शिवाय त्यात अडकलेली वाफ जागच्या जागी थांबत नाही, ती हळूहळू पुढच्या थरांत सरकते. म्हणजे आज अर्ध्यावर सोडलेलं कार्ट्रिज पुढच्या आठवड्यात अर्ध्यावरच असेल असं नाही. तेव्हापासून काम संपलं की कार्ट्रिज पुसून, झिपच्या पिशवीत हवा काढून बंद करते आणि पाकीट उघडल्याची तारीख त्यावरच मार्करने लिहून ठेवते. वास येईपर्यंत थांबायचं नसतं. कारखान्यांसाठीच्या अमेरिकी नियमांनी १९९८ सालीच वासावर विसंबणं बंद केलं आणि कार्ट्रिज बदलायचं वेळापत्रक ठरवायला लावलं, कारण नाक थकतं. त्यातही ॲसिटोन फार हलकं, अवघ्या ५६ अंशांना उकळणारं, साध्या कार्ट्रिजमधून ते लवकर निसटतं. तुमच्या थिनरमध्ये ॲसिटोन भरपूर असेल तर कार्ट्रिज बदलताना हात जरा सढळ ठेवा.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण चकाकीची हौस आहे म्हणून सांगून ठेवते. कुणीतरी कधीतरी तुम्हाला 'टू-के' क्लिअर सुचवेल, दोन घटक मिसळून मारायचं, काचेसारखं चमकणारं. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडल्यावरच कळतो, आणि एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की नंतर अगदी कणभर मात्राही दम्याचा झटका आणू शकते. त्याला बाहेरून नळीने हवा पुरवणारी यंत्रणा लागते. राहत्या घरात ते उघडायचंच नाही. यावर मी 'पण'ला जागा ठेवत नाही.

आता मुख्य काम, रंग घराबाहेर काढायचं. आधी हवेचं गणित बघा. समजा खोली बारा फूट बाय दहा फूट, उंची दहा फूट. म्हणजे १२०० घनफूट हवा. खिडकीतला पंखा प्रत्यक्षात मिनिटाला शंभर घनफूट हवा बाहेर टाकत असेल, तर खोलीभर हवा एकदा बदलायला १२ मिनिटं. पण जुनी आणि नवी हवा मिसळत राहते, त्यामुळे ९५ टक्के घाण जायला तीनदा बदल लागतो, म्हणजे ३६ मिनिटं, तीही फवारणं थांबवल्यानंतर. अख्ख्या खोलीत पसरलेलं धुकं बाहेर काढत बसण्यापेक्षा ते पसरायच्या आधीच टेबलावर पकडणं शहाणपणाचं. त्यासाठीच स्प्रे बूथ असतो. तीन बाजूंनी बंद खोका, मागे फिल्टर, त्यामागे पंखा, तिथून नळी खिडकीबाहेर.

बूथ घेताना किंवा बनवताना एकच आकडा लक्षात ठेवा. बूथच्या तोंडाशी हवा मिनिटाला सुमारे शंभर फूट वेगाने आत जायला हवी. तोंड दीड फूट रुंद आणि एक फूट उंच असेल तर दीड चौरस फूट गुणिले शंभर, म्हणजे मिनिटाला १५० घनफूट. पंख्याच्या खोक्यावर छापलेला आकडा नळी आणि फिल्टर नसतानाचा असतो. पुढे फिल्टर लावला, मागे सुरकुत्यांची लांब नळी लावली, तिला दोन वळणं दिली की तो आकडा धाडकन खाली येतो. म्हणून नळी आखूड, जाड आणि शक्य तितकी सरळ. फिल्टर रंगाने भरला की हवा अडते, तेव्हा तो वेळेवर बदलायचा. आणि बूथची नळी बाहेर न काढता 'आत फिल्टर आहे ना' म्हणून खोलीतच सोडणारे खूप आहेत. तो फिल्टर कण धरतो, वाफ तशीच खोलीत परत येते.

हवा ओढणाऱ्याला हवा मिळायलाही हवी. खोलीचं दार घट्ट बंद, खिडकी नळीभोवती कापडाने बुजवलेली, मग पंखा बिचारा कुठून ओढणार? दाराची फट किंवा समोरची खिडकी थोडी उघडी ठेवा, म्हणजे ताजी हवा तुमच्या पाठीमागून येईल, तुम्हाला वळसा घालून बूथमध्ये शिरेल आणि बाहेर जाईल. रंग आणि पंखा यांच्या मधे तुमचं डोकं येता कामा नये, एवढं पाळलं तरी खूप झालं. हे नीट झालंय का ते बघायला, रंग-थिनर काहीही उघडायच्या आधी, बूथच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरा. धूर सरळ आत ओढला गेला पाहिजे. कडेला रेंगाळला, वर गेला किंवा तुमच्याकडे वळला तर जागा, नळी किंवा पंखा, काहीतरी चुकलंय. मग उदबत्ती विझवून बाहेर ठेवा, तेव्हाच बाटली उघडा. हा क्रम उलटा करू नका. थिनरच्या वाफेला ठिणगी पुरते. म्हणूनच लॅकरसाठी वापरायच्या पंख्याची मोटर वाफेच्या वाटेत नसावी किंवा ठिणगी न पाडणाऱ्या जातीची असावी. बूथवर नुसतं 'एअरब्रशसाठी' लिहिलंय म्हणजे तो लॅकरला चालतोच असं नाही, माहितीपत्रक वाचा.

तुम्हाला बाथरूमचाही मोह होईल, तिथे एक्झॉस्ट आहे म्हणून. बाथरूम लहान, पंखा तुमच्या डोक्याच्या वर, म्हणजे सगळं धुकं तुमच्या नाकावरून जाऊनच बाहेर पडणार. आणि तिथे गॅसचं गीझर असेल तर लॅकरचा विचारसुद्धा मनात आणू नका. बाल्कनी त्यापेक्षा बरी, पण वाऱ्याची दिशा बघून आणि मास्क लावूनच, आणि शेजाऱ्यांची खिडकी कुठे उघडते तेही बघा. आपल्या घरातला रंग शेजारच्या घरात लोटणं हा काही उपाय झाला नाही. एअर प्युरिफायरचं म्हणाल तर तो कणांना थोडी मदत करतो. त्यातल्या कोळशाच्या पातळ जाळीला थिनरची वाफ झेपत नाही. एसी तर खोलीतलीच हवा फिरवतो.

रंग कमी उडवणं तुमच्याही हातात आहे. दाब १५ ते २० पीएसआयवर आणा, रंग त्याला साजेसा पातळ करा, एअरब्रशचं टोक मॉडेलपासून दोन-तीन इंचांवर धरा, आधी हवा सुरू आणि मग रंग, थांबताना आधी रंग बंद. मॉडेल छान होतं हा वरचा फायदा. एअरब्रश धुताना थिनर उलटा फुंकून बुडबुडे काढायची सवय बहुतेकांना असते. तेव्हा मास्क काढलेला असतो आणि सगळ्यात जास्त वाफ नेमकी त्याच पाच मिनिटांत उठते. बंद बरणीसारखं क्लीनिंग पॉट घ्या, ते बूथमध्येच ठेवा, आणि मास्क व पंखा दोन्ही चालू ठेवून धुवा. त्यानंतरही पंखा वीसेक मिनिटं चालू द्या. थिनरने भिजलेले बोळे खोलीतल्या कचऱ्याच्या डब्यात उघडे टाकू नका, ते रात्रभर वाफ सोडत राहतात. नायट्रिलचे हातमोजे घाला, पण ॲसिटोन त्यांतून लवकर झिरपतं, भिजले की लगेच बदला.

बाळाबद्दल वेगळं लिहिते. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा श्वासात घेतं. शिवाय ते रांगतं, म्हणजे जमिनीवर बसलेला रंग त्याच्या तळव्यांना लागतो, आणि तळवे सरळ तोंडात. टेबलाखालची आणि आसपासची जमीन झाडूने झाडू नका, झाडूने बसलेली भुकटी परत उडते. ओल्या फडक्याने पुसा, फडकं वेगळं ठेवा. फवारायचे कपडे खोलीतच उतरवा, ते घालून बाळाला उचलू नका. खरं सांगायचं तर टेबल बेडरूममधून हलवणं हाच या बाबतीतला पहिला आणि सगळ्यात स्वस्त उपाय. ज्या खोलीत बाळ झोपतं तिथे बूथ असला तरी लॅकर नको. दुसरी खोली नसेल तर घरात फक्त पाण्यातले रंग मारा आणि क्लिअर कोटही पाण्यातलाच निवडा. चकाकी थोडी कमी येईल, पण दोन-तीन पातळ हात देऊन वाळल्यावर पॉलिश केलं तर मॉडेलकडे बघणाऱ्याला फरक ओळखता येईलच असं नाही. एअरब्रश धुवायलाही त्याच कंपनीचा पाण्यातला क्लीनर बऱ्याचदा पुरतो. लॅकर हवाच असेल तर महिन्यातून एकदा सगळी मॉडेल्स जमवून, घराबाहेर, एका बैठकीत. मला विचाराल तर लॅकर घरातून गेला की तुमची निम्मी अडचण गेली.

तुमच्या त्या मित्राबद्दल. त्याला काही झालं नसेल, आनंद आहे. पण वीस वर्षांत ज्यांना झालं ते बहुधा आता मॉडेल्स करत नाहीत, म्हणून ते तुम्हाला भेटतही नाहीत. शिवाय त्याचे रंग, त्याची खोली, त्याचे तास तुमच्यासारखे होते का? घरात रांगतं बाळ होतं का? तुम्हाला स्वतःला फवारताना किंवा नंतर छातीत घरघर, कोरडा खोकला, डोकं जड होणं असं होत असेल तर तेवढ्यापुरतं थांबा आणि डॉक्टरांना सांगताना एअरब्रशचा उल्लेख आवर्जून करा. शक्य असेल तर डेटा शीट सोबत न्या. नाहीतर ते धुळीची ॲलर्जी म्हणून गोळी देतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

पैसे एकदम सगळ्यावर घालता येणार नसतील तर आधी टेबल हलवा आणि लॅकर बंद करा, त्याला काही लागत नाही. मग नळी बाहेर सोडलेला बूथ. मग मास्क. बूथ आला तरी मास्क लागणार आहे, कारण तुमचं नाक बूथच्या तोंडापासून हातभर अंतरावर असतं. फक्त क्रम तुम्ही मनात धरलाय त्याच्या उलटा आहे.

आणि बायकोशी बोलताना मास्कचं खोकं दाखवू नका. बूथ बसला की एखाद्या संध्याकाळी बाळाला आजी-आजोबांकडे किंवा खाली खेळायला पाठवा. तिला शेजारच्या खोलीत बसू द्या, दार नेहमी असतं तसं ठेवा, आणि तुम्ही पाऊण तास नेहमीसारखं काम करा. आधी दाराजवळ एक ओला पांढरा टिश्यू टांगून ठेवा. वर्षभरात तुमच्या नाकाला त्या वासाची सवय झालीये, तिच्या नाकाला नाही. संपल्यावर दोघांनी मिळून टिश्यू बघा, आणि तिला विचारा वास आला का. आला म्हणाली तर वाद घालू नका, नळीचे सांधे तपासा. माझ्याकडे पहिल्या वेळी चिकटपट्टी सुटलेली निघाली होती.